हिलमनचं झाकण

सकाळी साडेसहाला ग्लेनिसनं रेसकोर्सच्या कुंपणालगत दोन लाकडी घोडे उभे केले, त्यांच्यावर गॅरेजचा जुना दरवाजा आडवा टाकला आणि कमरेवर हात ठेवून नुसतीच उभी राहिली. यूटच्या मागच्या हौद्यातून अजून अकरा डबे उतरवायचे होते. मग लिंडसेला उतरवायचं, त्याची खुर्ची, त्याचं ब्लँकेट, गोळ्या, थर्मास. गेल्या तीन वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती. दमलं असताना मध्येच बसायचं नाही. बसलं की परत उठायला कारण शोधावं लागतं, आणि कारणं संपत आली होती.

"घोडे कुठायत?" लिंडसेनं यूटच्या खिडकीतून विचारलं.

"आज शर्यत नाही, डॅड. आज स्वॅप मीट, जुन्या सामानाचा बाजार. आपण तुझी झाकणं विकायला आलोय."

"कोण म्हणालं विकायची?"

"तूच म्हणालास. गुरुवारी."

गुरुवारी तो खरंच म्हणाला होता. टोस्टला व्हेजिमाइट लावता लावता, डोकं जागेवर असताना, की रॉस म्हणतोय तर विकून टाका, आता कोण येतंय न्यायला. ते शेवटचं वाक्य ग्लेनिसला खटकलं होतं. आयुष्यभर या माणसाचा एकच हट्ट होता, की झाकणाचा मालक आज ना उद्या परत येतोच.

"झाकण बसवलंस?" त्यानं विचारलं.

"बसवलं."

गाडी निघताना आणि गाडी थांबल्यावर, दोन्ही वेळा तो हेच विचारायचा. ट्रेव्हॉरोंच्या घरात 'सांभाळून जा' असं कुणी कुणाला म्हणत नसे, त्याच्या जागी हा प्रश्न होता. ग्लेनिसचा धाकटा भाऊ रॉस एकदा विमानानं पर्थला निघाला होता, तेव्हाही म्हाताऱ्यानं फोनवर त्याला झाकण बसवलंस का म्हणून विचारलं होतं.

'ट्रेव्हॉरो अँड सन' हा त्यांचा पेट्रोल पंप बर्टन्स क्रॉसिंगच्या तिठ्यावर होता. पाटी रंगवली तेव्हा लिंडसेचं लग्नही झालेलं नव्हतं. रंगाऱ्यानं आशीर्वाद म्हणून 'अँड सन' फुकटात घालून दिलं. पुढे हा सन पाच वर्षांचा असताना आईबरोबर निघून गेला आणि पाटीवरचा सन व्हायची पाळी नऊ वर्षांच्या ग्लेनिसवर आली. ती पाळी आजतागायत संपली नव्हती. हायवे दुसरीकडून वळवला, पंप बंद पडला, टाक्या उकरून नेल्या, तरी संपली नाही.

पंपावर पेट्रोल भरणारा गडी टाकीचं झाकण काढून पंपाच्या डोक्यावर ठेवायचा, काच पुसायचा, ऑइल बघायचा, पावसाच्या नावानं चार शिव्या हासडायचा, आणि गाडी धुरळा उडवत निघून गेली की झाकण आपलं जागच्या जागी. बहुतेक लोक गुरं अडवायला रस्त्यात बसवलेल्या दुसऱ्या लोखंडी जाळीपर्यंत पोचत, पेट्रोलचा वास यायचा, आणि मुकाट्यानं माघारी वळत. जे वळत नसत ते टाकीत चिंधी कोंबून पुढे जात. त्यांची झाकणं लिंडसे बिस्किटांच्या डब्यांत ठेवायचा. प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख, गाडी, आणि ज्याच्या हातून राहिलं त्याचं नाव. '१२ जून ६८, फॉल्कन, केव्ह.' '३ जानेवारी ७१, व्हॅलियंट, डग.' मग पुन्हा केव्ह. केव्ह गिल्सचं लग्न ठरलं त्या वर्षी दोन डबे भरले होते.

लिंडसेचं नाव एकाही पट्टीवर नव्हतं. एक्केचाळीस वर्षांत माझ्या हातून एक झाकण राहिलं नाही, हे तो ख्रिसमसच्या जेवणात, कुणाच्या लग्नात, कुणाच्या मयताला, जिथं दोन माणसं भेटतील तिथं सांगायचा. खोटं कोण म्हणणार? तिठ्यावर तो सांगेल तोच इतिहास होता.

आता त्याच भंगाराला भाव आला होता. हौसेला मोल नसतं म्हणतात ते या रेसकोर्सवर एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी येऊन बघावं. डावीकडच्या टेबलावर एक गृहस्थ फक्त मोटारीतले ॲशट्रे मांडून बसला होता, आणि स्वतः बिडीकाडीला शिवत नव्हता. पलीकडे एकानं जळके स्पार्क प्लग मखमलीच्या पेटीत सोनाराच्या ऐटीत लावले होते. पोर्ट लिंकनची एक बाई दर वर्षी यायची. ती जुन्या गाड्यांच्या काचांवरून ब्लेडनं खरवडून काढलेल्या, मुदत संपलेल्या नोंदणीच्या कागदी चकत्या गोळा करायची आणि १९५४ सालची हिरवी मिळाली की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. चाकांच्या टोप्या, हॉर्नची बटणं, ऑइलच्या काचेच्या बाटल्या. गाडी मात्र निम्म्या लोकांकडे नव्हती.

या बाजाराला एकच कायदा आहे आणि तो सरकारी कायद्यापेक्षा कडक पाळला जातो. वस्तू हातात आहे तोवर तुमची. तासभर उलटीपालटी करा, भाव करा, बायकोला फोन करा, दुसरा कुणी मध्ये तोंड घालणार नाही. पण खाली ठेवली की गेली. मागचा उचलणार, आणि मग कितीही गळा काढलात तरी उपयोग नाही. म्हणून इथले मुरलेले लोक नाक शिंकरायचं झालं तरी एकाच हातानं शिंकरतात.

आठच्या सुमाराला आयरिस आत्या आली. लिंडसेची धाकटी बहीण, एकोणऐंशी वर्षांची, एका काखेत घडीची खुर्ची आणि दुसऱ्या हातात खोबरं लावलेल्या लॅमिंग्टन केकचा डबा. तिच्या मागोमाग ॲडलेडहून रॉस आला. त्याच्या हातात प्लास्टिकची निळी फाइल होती, आणि ती फाइल बघूनच ग्लेनिसला कळलं की आज झाकणं हे निमित्त आहे.

रॉस वाईट नव्हता. अठ्ठेचाळीसचा झाला तरी बहिणीसमोर येताना शाळेत उशीर झालेल्या मुलासारखा यायचा. त्यानं आधी लिंडसेच्या खांद्यावर हात ठेवला, मग चहा घेतला, मग दोन हबकॅपवाल्यांची चौकशी केली आणि मग फाइल उघडली. पोर्ट पिरीच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. उद्या दुपारी बारापर्यंत ग्लेनिसची सही पोचली तर ती लिंडसेला मिळणार, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला. खोलीच्या खिडकीसमोर रस्त्यापलीकडे पेट्रोल पंप होता, हे त्यानं तीनदा सांगितलं.

"दिवसभर गाड्या दिसतील त्याला," रॉस म्हणाला.

"आणि तो रस्ता ओलांडून टाक्या भरायला जाईल," ग्लेनिस म्हणाली.

गंमत नव्हती. अलीकडे म्हाताऱ्याला पंपाची घंटा ऐकू यायची. गाडीचं चाक रबरी नळीवरून गेलं की वाजायची ती घंटा, बारा वर्षांपूर्वी काढून टाकलेली. ती वाजली की तो उठून बाहेर जायचा, आणि नसलेल्या गिऱ्हाइकापुढे पायजम्यात उभा राहायचा. ग्लेनिस त्याला हाताला धरून आत आणायची. किती वेळा, ते तिनं मोजायचं सोडलं होतं. दिवसा शाळेची बस चालवताना एकदा तिचा डोळा लागला होता. रिकामी बस होती, रस्ता सरळ होता, कुणाला कळलं नाही. तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं.

"किती दिवस असं चालणार, ग्लेन?"

"तीन वर्षांनी विचारतोयस. वरातीमागून घोडं."

रॉसनं फाइलकडे बघितलं. एवढ्यानं तो नेहमी गप्प बसायचा आणि आयरिस आत्या ग्लेनिसची बाजू घेऊन बोलायला सुरुवात करायची, की ट्रेव्हॉरोंची माणसं आपल्याच पलंगावर मरतात वगैरे. ग्लेनिस त्या वाक्यांची वाट बघत होती. आत्यानं लॅमिंग्टनवरचं खोबरं बोटानं गोळा केलं आणि म्हणाली, "मी यावेळी रॉसच्या बाजूनं आहे."

"आत्या?"

"मघाशी मी हाक मारली तेव्हा तू उभ्या उभ्या झोपली होतीस. दरवाजाला टेकून. मी पाहिलंय."

ग्लेनिसला राग आला, पण रागवायलाही अंगात काही लागतं. तिनं तेच सांगितलं जे ती तीन वर्षं सांगत होती. एकदा आईनं याला फसवून सोडलं होतं. शनिवारी सकाळी यानं हसत हसत टाकी भरून दिली, बहिणीकडे चाललेय, रविवारी येते, असं सांगून ती गेली ती गेलीच.

"दुसऱ्यांदा ते त्याच्या वाट्याला येणार नाही," ग्लेनिस म्हणाली. "निदान माझ्या हातून तरी नाही."

"ममनं त्याला सांगितलं होतं," रॉस हळूच म्हणाला.

"ममनं तुला सांगितलं, की तिनं त्याला सांगितलं होतं."

हे भांडण इतकं जुनं होतं की त्याच्या कडा झिजून गेल्या होत्या. त्यांची आई नोरीन रॉसला घेऊन गेली तो मार्च १९७३. ग्लेनिस तेव्हा आत्याबरोबर टेनिसला गेली होती. ती परत आली तर आई नाही, गाडी नाही, आणि डॅड पंपापाशी हात पुसत उभा. त्यालाही काही माहीत नव्हतं, बिचाऱ्याला. आपल्याला टाकलं आणि डॅडलाही टाकलं, म्हणजे आपण दोघं एका बाजूचे, हे नऊ वर्षांच्या पोरीनं त्या दिवशी ठरवून टाकलं आणि मग ती ठरवलेल्याला चिकटून राहिली. आईची ख्रिसमस कार्डं येत, तिनं एकालाही उत्तर दिलं नाही. पोर्ट ऑगस्टाचा कोलिन प्राइस दोन वर्षं दर रविवारी येऊन अर्धीच टाकी भरायचा, म्हणजे पुन्हा यायला निमित्त राहावं. त्यानं लग्नाचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, डॅड एकटा आहे. सात वर्षांपूर्वी नोरीन वारली. ग्लेनिसनं पंपाच्या नावानं फुलं पाठवली आणि स्वतः गेली नाही.

रॉसनं फाइल मिटली. आत्यानं चहा ओतला. लिंडसे ब्लँकेटखाली डुलकी घेत होता.

दहाच्या पुढे गर्दी झाली. झाकणं खपू लागली. लोक पट्ट्या वाचून हसत, केव्ह कोण म्हणून विचारत, आणि पट्टी काढू नका हं, असं बजावून झाकण खिशात टाकत. पट्टीमुळेच तर त्याला किंमत होती. मग नॉस्के नावाचा एक माणूस आला. साठीचा, पट्टेवाली पँट, गळ्यात भिंग. तानुंडाहून आला होता आणि कुणी विचारलं नसताना सांगत होता की आजोबांची हिलमन मिंक्स त्यानं सहा वर्षं खपून उभी केली आहे, क्रीम रंगाची, फक्त पेट्रोलचं झाकण चुकीचं आहे, मॉरिसचं आहे, आणि ते त्याला झोपेत टोचतं.

त्यानं अकराव्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळाची चिंधीत गुंडाळलेली एक वस्तू वर काढली. चिंधी सोडली आणि आतलं झाकण उजेडाकडे धरलं.

"याला पट्टी नाही," तो म्हणाला.

ग्लेनिसनं बघितलं. झाकणावर पट्टी नव्हती, गंज नव्हता. इतर झाकणांवर चाळीस वर्षांची धूळ होती, हे मात्र कुणीतरी अधूनमधून पुसत आलं होतं. आणि हिलमन त्या तिठ्यावर एकच होती, आईची. तिची मागची सीट ग्लेनिसला अजून आठवत होती, उन्हात तापलेली, मांड्यांना चिकटणारी.

खुर्ची करकरली. लिंडसे उठला होता. कुणाचा आधार न घेता उठला, टेबलापाशी आला आणि नॉस्केच्या शेजारी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला. डोक्यातलं बरंच काही गेलं होतं, पण बाजाराचा कायदा गेला नव्हता. दुसऱ्याच्या हातात आहे तोवर बोलायचं नाही. तो नुसता बघत राहिला. नॉस्केनं झाकण फिरवलं, आतली कड तपासली, आणि भिंगाची घडी एका हातानं उघडेना म्हणून, क्षणभरच, झाकण दरवाजावर ठेवलं.

लिंडसेनं ते उचललं.

नॉस्केनं डोळे मिटले. "माझीच चूक," तो म्हणाला. भला माणूस होता, नियमाचा माणूस होता. "थांबतो मी. तुम्ही खाली ठेवलंत तर बघू." मग काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "हे कुणाच्या हातून राहिलं होतं? केव्हच्या?"

"माझ्या," लिंडसे म्हणाला.

आत्याचा कप तोंडापाशी थांबला.

"पण राहिलं नाही ते," लिंडसे पुढे म्हणाला. आवाज स्वच्छ होता, पूर्वीचा, गिऱ्हाइकाशी बोलायचा. "मी बसवलंच नाही. हातात ठेवलं. ती म्हणाली, लिंडसे, मी परत येणार नाही. तिथंच, पंपापाशी, मी टाकी भरत होतो. मी म्हटलं, मुलगी तरी ठेव. मुलगा लहान आहे, त्याला तू पाहिजेस. मुलगी हाताशी येते. ती म्हणाली, घर मिळालं की मी तिला न्यायला येईन. मी म्हटलं, बरं. आणि हे बसवलं नाही. म्हटलं, दुसऱ्या जाळीपाशी वास येईल, मग वळेल. सगळे वळतात."

"वळल्या का?" नॉस्केनं विचारलं. त्याला काय ठाऊक, तो झाकणाची हकिगत विचारत होता.

"ऑगस्टात आली. चिंधी कोंबून आली होती टाकीत, पाच महिने. हे मागितलं नाही तिनं. मुलीला न्यायला आली होती." लिंडसेनं झाकण अंगठ्यानं पुसलं. "मी आत गेलो, जरा वेळ स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि बाहेर येऊन सांगितलं, तिला यायचं नाही म्हणतेय."

नॉस्केला आता कळलं की आपण नको तिथं उभे आहोत. तो दोन पावलं मागे सरकला, पण गेला नाही.

ग्लेनिसनं आत्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"मार्चचं माहीत होतं," आयरिस आत्या म्हणाली. ती कपात बघत होती. "तुला टेनिसला घेऊन जा म्हणून नोरीननंच सांगितलं होतं. तुझ्यासमोर निघवलं नसतं तिला. ऑगस्टचं नव्हतं माहीत, देवाशपथ."

रॉस टेबलाच्या पलीकडून आला.

"मी गाडीत होतो," तो ग्लेनिसला म्हणाला. "मागे बसलो होतो. पेट्रोलचा वास येत होता, मला मळमळत होतं. हा आत गेला, बाहेर आला, आणि मम रडत गाडीत बसली. मला म्हणाली, ग्लेनिसला विचारायचं नाही कधी, तिला जे वाटतं ते वाटू दे." तो थांबला. "मला वाटायचं, तू पडद्यामागे आहेस. मी खिडकीकडे हात हलवला होता."

"कुठला वार होता?"

"काय?"

"वार, रॉस."

"मंगळवार. मंगळवारी तिला दवाखान्यातल्या कामाला सुट्टी असायची."

"मंगळवारी मी शाळेत होते," ग्लेनिस म्हणाली. "मी शाळेत नसेन तर कुठे असेन?"

त्रेचाळीस वर्षं रॉस मनात धरून बसला होता की बहीण बाहेर आली नाही, आणि ती मनात धरून बसली होती की आईनं मागे वळून बघितलं नाही. दोघांना इतकी वर्षं जे आतून खात होतं ते आता त्या दरवाजावर, डब्यांच्या मध्ये पडलं होतं. रॉसनं हात पुढे केला आणि तिच्या कोपराला नुसता लावला. ट्रेव्हॉरोंना याहून जास्त येत नव्हतं.

लिंडसे जाऊन खुर्चीत बसला होता. "आयरिस, लॅमिंग्टन आहेत ना?" त्यानं विचारलं.

कुणी हललं नाही. मग ग्लेनिसच गेली. तिनं लॅमिंग्टनचे चार तुकडे केले, कारण अख्खा त्याच्या घशात अडकायचा, आणि बशी त्याच्या मांडीवर ठेवली. तिला त्याचा भयंकर संताप आला होता, आणि तरी तुकडे सारखे झाले होते. तो एका हातानं खात होता. दुसऱ्या हातात झाकण होतं.

दुपारभर त्यानं ते सोडलं नाही. ग्लेनिसनं विक्री केली, सुटे दिले, लोकांशी हवापाण्याचं बोलली. ती मध्येच थांबायची आणि तिच्या मनात एखादी गोष्ट यायची. कार्डांवरचं अक्षर यायचं. दर वर्षी आई शेवटी लिहायची, 'तुझी खोली आहे.' ग्लेनिसला वाटायचं, केवढा निलाजरेपणा. फुलांच्या चक्राबरोबरची चिठ्ठी यायची, तिच्यावर तिनं सही केली होती, 'ट्रेव्हॉरो अँड सन.' ही आठवण आली तेव्हा मात्र ती यूटच्या मागे गेली आणि तिथं थोडा वेळ रडली. परत आली तेव्हा रॉस गिऱ्हाइकाला केव्ह गिल्स कोण ते समजावून सांगत होता, आणि चुकीचं सांगत होता.

दोनला बाजार उठायला लागला. ॲशट्रेवाल्यानं आपले ॲशट्रे वर्तमानपत्रात गुंडाळले. नॉस्के कुंपणापाशी सॉसेज खात उभा होता, नजर टेबलावर. त्याला घाई नव्हती. सहा वर्षं थांबलेल्या माणसाला आणखी दोन तासांचं काय.

ग्लेनिस लिंडसेला उठवायला वाकली. त्यानं नेहमीसारखं तिचं मनगट धरलं. उठताना, चालताना, पायरी उतरताना तो तिचं मनगटच धरायचा, डावं, आणि तिथली कातडी वर्षानुवर्षांच्या पकडीनं जरा राठ झाली होती. ती उठवायची थांबली. त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"डॅड, मम ऑगस्टमध्ये आली होती. मला का सांगितलं नाहीस?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. गेल्या काही महिन्यांत तो तिला कधी नोरीन म्हणायचा, कधी केव्ह. आता तो तिला ओळखत होता. त्यात काही शंका नव्हती.

"तू गेली असतीस, ग्लेन."

"गेले असते," ती म्हणाली. "आणि परत आले असते. सुट्टीत आले असते. तूच म्हणायचास ना, लोक परत येतात."

"ती नाही आली."

"आली होती, डॅड. तू परत पाठवलीस तिला."

माश्या घोंघावत होत्या, लांबवर कुणीतरी ट्रेलरला साखळी बांधत होतं. आयरिस आत्या खुर्ची घडी करायला लागली होती, ती तशीच अर्धी घडी धरून उभी राहिली. लिंडसेनं झाकणाकडे बघितलं, मग दरवाजाकडे, मग कुंपणापाशी थांबलेल्या त्या माणसाकडे. नॉस्केनं सॉसेज खाली केला.

लिंडसेनं हात लांब केला आणि झाकण दरवाजावर ठेवलं. ठेवल्यावर बोटं वर तशीच राहिली, मग एक एक करून निघाली.

नॉस्के आला, टोपी काढली आणि झाकण उचललं. किती, म्हणून त्यानं ग्लेनिसला डोळ्यांनीच विचारलं. तिनं मान हलवली. घेऊन जा, काही नको, पण घट्ट बसवा, असं ती म्हणाली.

लिंडसेचा दुसरा हात अजून तिच्या मनगटावर होता. त्याच्याकडे त्यानं बघितलं, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसं. मग तोही उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"जा आता," तो म्हणाला.

नॉस्केला वाटलं आपल्यालाच म्हणाला. तो आभार मानत, झाकण छातीशी धरून, घाईघाईनं निघून गेला.

ग्लेनिस उठली. मनगटावर चार बोटांचे लाल वळ होते. ते तिनं उजव्या हातानं चोळले, जरा वेळ तिथंच उभी राहिली, आणि मग रॉसकडे वळून तिनं पेन मागितलं.